पहिली रायफल : आधी नेम, मग खरेदी

ऑलिंपिकमध्ये भारतीय नेमबाजाला पदक मिळाले की, पुढचे काही महिने शहरांतील शूटिंग रेंजवर नव्या मुलांची गर्दी होते. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक पटकावले. २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात कैरो येथे जगज्जेता झाला. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे आणि तेजस्विनी सावंत यांनी महाराष्ट्रात या खेळाची वाट त्याआधीच तयार करून ठेवली होती. साहजिकच आपल्या मुलानेही हातात रायफल घ्यावी असे अनेक घरांत वाटते, आणि रेंजवर पाऊल ठेवताच पालकांचा पहिला प्रश्न असतो तो ‘कोणती रायफल घ्यावी?’ हा.

प्रश्न रास्त आहे. कारण तो लाखाच्या घरातल्या खर्चाचा आहे. स्पर्धेच्या दर्जाची आयात केलेली एअर रायफल, जाकीट, पॅन्ट, बूट आणि छर्रे यांचा हिशेब मांडला, तर मध्यमवर्गीय कुटुंबाची काही वर्षांची बचत त्यात सहज जाते. एवढा पैसा घालूनही रायफल मुलाच्या अंगाला बसत नाही, साइट स्पर्धेच्या नियमात बसत नाही, किंवा वर्षभरात मुलाचा उत्साह ओसरतो, असे घडू शकते. म्हणूनच पहिल्या रायफलीची निवड करताना कंपनीचे नाव सर्वांत शेवटी यावे. त्याआधी खेळाचे नियम, नेमबाजाचा डोळा आणि त्याचे शरीर या तीन गोष्टींचा विचार व्हायला हवा.

सुरुवात दहा मीटरपासून

ऑलिंपिकमध्ये रायफलीचे मुख्य प्रकार दोन : दहा मीटरवरून छर्ऱ्यांनी खेळली जाणारी एअर रायफल आणि पन्नास मीटरवरून .२२ बोअरच्या काडतुसांनी खेळली जाणारी थ्री पोझिशन्स. दुसऱ्या प्रकारात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेम साधावा लागतो. .२२ रायफल हे कायद्याच्या दृष्टीने अग्निशस्त्र असल्याने तिला परवाना लागतो, काडतुसांचा खर्च वेगळा आणि पन्नास मीटरची रेंज प्रत्येक शहरात नसते. त्यामुळे भारतात बहुतेक रायफल नेमबाजांची सुरुवात एअर रायफलने होते, आणि ते योग्यही आहे. उभे राहण्याची ढब, श्वासावरचा ताबा, ट्रिगर दाबण्याची सवय हे सारे दहा मीटरवर पक्के होते.

एअर रायफलीला कायद्याने बरीच मोकळीक दिली आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या बरीच खाली असते. अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड असलेला छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो. त्याची ऊर्जा सात-साडेसात जूलच्या आसपास भरते. कागद भेदायला याहून अधिक जोर लागतच नाही. ‘जास्त ताकदीची रायफल चांगली’ हा दुकानात ऐकू येणारा सल्ला नेमबाजीच्या खेळात निरर्थक ठरतो तो यामुळेच. मात्र परवाना नसला तरी ती खेळण्यातली बंदूक ठरत नाही. खरेदीची पावती आणि क्लबचे ओळखपत्र जवळ ठेवावे, रायफल कुलूपबंद पेटीतूनच न्यावी. गच्चीवरून पक्ष्यांवर नेम धरणाऱ्याला तर वन्यजीव संरक्षण कायद्यालाच सामोरे जावे लागेल.

अर्ध्या मिलिमीटरचे गणित

रायफलीकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवायची, हे कळण्यासाठी आधी लक्ष्य समजून घ्यावे लागते. दहा मीटरच्या लक्ष्यावरील काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम सव्वा इंचाचा असतो. त्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा असल्याने त्याची कड या ठिपक्याला नुसती स्पर्शून गेली तरी दहा गुण मिळतात. म्हणजेच छर्ऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवे. मोठ्या स्पर्धांत गुण दशांशात मोजतात. त्यात दर पाव मिलिमीटरला दशांश गुण कमी होतो आणि एका छर्ऱ्याला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळू शकतात.

प्राथमिक फेरीत साठ छर्रे ७५ मिनिटांत झाडायचे असतात. कमाल गुण ६५४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या अंतिम फेरीत पोहोचण्यासाठी ६३० च्या आसपास गुण लागले. म्हणजे सरासरी साडेदहा. साठही छर्रे केंद्राच्या सव्वा मिलिमीटरच्या परिघात पडावेत, एवढी ही अपेक्षा आहे.

आता रायफलीकडे पाहू. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये सत्तर सेंटिमीटर अंतर आहे असे धरले आणि नेम धरताना दोहोंच्या जुळणीत फक्त ०.१ मिलिमीटरची चूक झाली, तर लक्ष्यावर छर्रा सुमारे १.४ मिलिमीटरने सरकतो. १०.९ च्या जागी १०.४ मिळतात. केसाएवढी चूक आणि अर्धा गुण गमावला! चांगल्या प्रतीची कोणतीही स्पर्धा रायफल घट्ट शिकंज्यात धरून झाडली, तर छर्ऱ्यावर छर्रा पडून कागदावर जवळपास एकच भोक दिसते. रायफल आपले काम चोख करत असते. गुण जातात ते डोळा, साइट आणि शरीर यांच्या जुळणीत. म्हणून साइटचा विचार रायफलीइतक्याच गांभीर्याने करायला हवा.

दुर्बीण नकोच

रायफल म्हटले की, चित्रपट पाहून तयार झालेल्या डोळ्यांसमोर तिच्यावर बसवलेली दुर्बीण येते. रायफलीसोबत दुर्बीणही घेऊन टाकण्याचा मोह अनेक पालकांना होतो. दुकानदारही ती आनंदाने विकतो. परंतु आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार दहा आणि पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. प्रतिमा मोठी करणारे कोणतेही भिंग रायफलीवर बसवता येत नाही. चष्म्याचा नंबर असेल, तर तो चष्मा नेमबाजाने स्वतःच्या डोळ्यांवर लावायचा; रायफलीवर भिंग लावायचे नाही.

नियम बाजूला ठेवला, तरी शिकाऱ्याच्या दुर्बिणीने नवशिक्याचे नुकसानच होते. दुर्बीण लक्ष्य मोठे करते तशी हाताची थरथरही मोठी करून दाखवते. ती पाहून घाबरलेला मुलगा काळ्या गोलाचा मध्य दिसताक्षणी ट्रिगर खेचतो आणि ही खेचण्याची खोड पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. शिवाय अनेक साध्या दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात. दहा मीटरवर त्यांतून पाहताना डोळा किंचित सरकला तरी नेमाचा बिंदू हलल्यासारखा भासतो. टेबलावर रायफल टेकवून खेळल्या जाणाऱ्या बेंचरेस्टसारख्या प्रकारांत दुर्बिणीला स्थान आहे. पण तो खेळच वेगळा.

छर्रा कोठे लागला हे पाहण्यासाठी तिपाईवर ठेवण्याची स्पॉटिंग स्कोप पन्नास मीटरवरच्या कागदी लक्ष्यांसाठी कामाची आहे. दहा मीटरवर मात्र कागद ट्रॉलीवरून नेमबाजाजवळ येतो, किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर छर्रा शेजारच्या पडद्यावर दिसतो. पहिल्या वर्षी तो खर्चही टाळता येतो.

पीप साइटचे मर्म

दुर्बिणीऐवजी स्पर्धेत वापरतात ती पीप साइट. शालेय आणि काही स्थानिक स्पर्धांत ‘ओपन साइट’ हा वेगळा गट असतो. तेथे मागे खाच आणि पुढे माशी अशी साधी रचना असते. ओपन साइटवर काही महिने घालवणे चुकीचे नाही. पण ज्याला पुढे जायचे आहे, त्याचा मुक्काम अखेर पीप साइटवरच.

मानवी डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते. खाच डोळ्यापासून हातभर, माशी त्याहून पुढे आणि लक्ष्य दहा मीटरवर; तिन्ही एकदम स्पष्ट दिसणे अशक्य. पीप साइटमध्ये मागच्या चकतीला साधारण एक ते सव्वा मिलिमीटरचे भोक असते. कॅमेऱ्याचे छिद्र लहान केले की जवळचे व दूरचे दोन्ही पुरेसे स्पष्ट येते, तेच तत्त्व येथे काम करते. बारीक भोकातून पाहताना पुढची साइट ठसठशीत दिसते आणि लक्ष्यही ओळखता येण्याइतके स्पष्ट राहते. शिवाय गोल भोकाचा मध्य शोधण्याचे काम डोळा आपोआप करतो.

पुढच्या नळकांड्यात एक वर्तुळ बसवलेले असते. मागच्या भोकात पुढचे नळकांडे, नळकांड्यात वर्तुळ आणि वर्तुळात लक्ष्याचा काळा गोल, असे सारे एकात एक मध्यावर आले की नेम लागला. या वर्तुळाचा आकार हा नवशिक्याच्या हातून हमखास चुकणारा मुद्दा आहे. डोळ्यापासून पुढची साइट साधारण ८५ सेंटिमीटरवर असेल, तर दहा मीटरवरचा ३०.५ मिलिमीटरचा गोल त्या ठिकाणी सुमारे २.६ मिलिमीटरचा भासतो. वर्तुळही जवळपास तेवढेच घेतले, तर काळ्याभोवती पांढरी कडा उरत नाही. मग डोळा ताणला जातो, नेम ‘अगदी बरोबर’ येण्याची वाट पाहत नेमबाज रायफल जास्त वेळ धरून ठेवतो आणि हात थकतो. चार मिलिमीटरच्या आसपासचे वर्तुळ घेतले, तर काळ्याभोवती स्वच्छ पांढरे कडे दिसते आणि ते सर्व बाजूंनी सारखे आहे की नाही, हे डोळा क्षणात सांगतो. नवशिक्याने मोठ्या वर्तुळापासून सुरुवात करावी, हा प्रशिक्षकांचा सल्ला या हिशेबावर आधारलेला आहे. स्थिरता वाढेल तसे वर्तुळ लहान करता येते.

मागच्या चकतीच्या जागी आयरिस बसवता येते. तिचे भोक कमी-जास्त करून रेंजवरच्या प्रकाशाप्रमाणे जुळवता येते. रंगीत किंवा प्रकाश कमी करणारे फिल्टरही नियमात बसतात. दुपारच्या उन्हात उजळणारी आणि संध्याकाळी ट्यूबलाइटवर चालणारी रेंज असेल, तर आयरिसचा उपयोग होतो. पण ती पहिल्या महिन्याची गरज नव्हे. नवे उपकरण हाती आले की मुले दर चार छर्ऱ्यांमागे ते फिरवत बसतात, आणि चूक साइटची की हाताची, हे कळेनासे होते.

साइटचा खरा कस लागतो तो तिच्या ‘क्लिक’मध्ये. मागच्या साइटला दोन चकत्या असतात : एक वर-खाली करणारी, दुसरी डावी-उजवीकडे नेणारी. प्रत्येक क्लिकला छर्रा मिलिमीटरच्या काही भागाने सरकतो. दहा क्लिक एका बाजूला आणि दहा क्लिक परत फिरवल्यावर छर्रे पहिल्याच जागी पडले पाहिजेत. तसे होत नसेल, तर ती साइट कितीही झगमगीत असली तरी निरुपयोगी. जर्मन साइटवर वर-खालीसाठी जर्मन शब्दांची आद्याक्षरे असतात. त्यांचा अर्थ तोंडपाठ करण्यापेक्षा कागदावर पाच-पाच छर्रे झाडून कोणत्या फिरकीने छर्रा कोठे जातो, याची नोंद वहीत करून ठेवावी.

ही नोंद किती मोलाची ठरू शकते, याचे उदाहरण बीजिंगचेच आहे. अंतिम फेरीआधीच्या सरावात आपला छर्रा मध्यापासून भलताच दूर गेला आणि साइट हलल्याचे ध्यानात आले, असे बिंद्राने आत्मचरित्रात सांगितले आहे. हाताशी अगदी थोडा वेळ होता. त्यातच त्याने साइट पुन्हा जुळवली, आणि अखेरच्या छर्ऱ्यावर १०.८ गुण मिळवत सुवर्णपदक निश्चित केले. आपली साइट अंधारातही ओळखीची असावी लागते, ती अशा क्षणांसाठी.

कोणता डोळा मालक?

रायफल उजव्या हाताची घ्यावी की डाव्या, हे ठरवताना बहुतेक जण लिहिण्याचा हात पाहतात. नेमबाजीत त्याआधी डोळा पाहायचा असतो. दोन्ही तळहात पुढे धरून त्यांच्या मधल्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहावी आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते, तो प्रभावी डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रभावी असेल, तर सुरुवातीलाच डाव्या खांद्यावरून नेम धरायला शिकवावे, की नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर आडोसा लावून उजव्याच खांद्यावर ठेवावे, हा निर्णय प्रशिक्षकाने घ्यायचा असतो. पण तो खरेदीच्या आधी व्हायला हवा. रायफलीची मूठ, गाल टेकण्याचा भाग आणि हवा भरण्याचा खटका यांत डावे-उजवे असते. चुकीच्या बाजूची रायफल नंतर बदलणे महागात पडते.

दुसरा डोळा मिटून नेम धरू नये. तो मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणतात आणि उघड्या डोळ्यावरही ताण येतो. त्याच्यासमोर पांढरट पट्टी लावून दोन्ही डोळे उघडे ठेवणे हिताचे. चष्मा असलेल्या मुलांची अडचण वेगळी असते. उभ्याने नेम धरताना मान पुढे व बाजूला कलते, त्यामुळे नजर भिंगाच्या मध्यातून न जाता कडेतून जाते आणि प्रतिमा विस्कटते. त्यासाठी भिंग हवे तसे फिरवता येणारी खास नेमबाजीची फ्रेम मिळते. महागड्या रायफलीपेक्षा अशा फ्रेममध्ये बसवलेले अचूक नंबरचे भिंग कितीतरी जास्त गुण मिळवून देते. नेत्रतपासणीला जाताना डॉक्टरांना पुढच्या साइटचे अंतर सांगायला विसरू नये.

हवा कोठून येते

एअर रायफली हवेच्या स्रोतावरून ओळखल्या जातात. सर्वांत स्वस्त ती स्प्रिंगची, नळी मोडून हवा दाबणारी. ट्रिगर दाबताच जड दट्ट्या पुढे झेपावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल हलते. ती शिस्त शिकवते हे खरे. पण दशांश गुणांच्या स्पर्धेत तिचा निभाव लागत नाही. दुसरा प्रकार प्रत्येक छर्ऱ्यापूर्वी बाजूचा दांडा ओढून हवा दाबण्याचा. यात धक्का नगण्य असतो आणि सिलिंडरची कटकटही नसते. मात्र साठ छर्रे आणि सरावाचे छर्रे मिळून तितक्या वेळा दांडा ओढणे लहान मुलाच्या खांद्याला जड जाते, शिवाय दर वेळी उभे राहण्याची ढब मोडते.

तिसरा प्रकार आज स्पर्धांत सर्वत्र दिसतो, तो आधीच हवा भरलेल्या सिलिंडरचा. नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने हवा भरतात. आतला नियंत्रक प्रत्येक वेळी सारखीच मात्रा सोडतो. धक्का जवळजवळ शून्य, वेग एकसारखा. फाइनवेर्कबाऊ, वाल्थर आणि आनशुट्झ या जर्मन आणि श्टायर ही ऑस्ट्रियन कंपनी या क्षेत्रात मातब्बर मानल्या जातात. त्यांच्या सर्वोच्च श्रेणीच्या रायफलींसोबत लाकडी किंवा साध्या ॲल्युमिनियमच्या दस्त्याच्या प्राथमिक श्रेणीतील रायफलीही मिळतात. बऱ्याचदा फरक दस्त्याच्या जुळवाजुळवीत आणि सुट्या भागांत असतो. अचूकतेत तो नवशिक्याला जाणवण्याइतका नसतो. प्रेसिहोलसारख्या भारतीय कंपन्यांच्या एअर रायफलींनीही सरावासाठी कमी खर्चाचा पर्याय उपलब्ध करून दिला आहे.

सिलिंडर घेताना एक बाब आवर्जून तपासावी. त्यावर निर्मितीची तारीख कोरलेली असते आणि स्पर्धेत जास्तीत जास्त दहा वर्षे जुना सिलिंडर चालतो. तो मुदतीत आहे याची जबाबदारी नेमबाजावर असते. हवा भरण्याची सोय क्लबमध्ये आहे का, हेही आधी विचारून घ्यावे. नाहीतर हातपंपाने २०० बार हवा भरण्यात सरावाचा निम्मा वेळ आणि सगळे त्राण जायचे.

अंगाच्या मापाची रायफल

कपडे शिवताना माप घेतात, तसे रायफलीचेही घ्यावे लागते. नियमांनुसार दहा मीटर रायफलीचे वजन साइटसह साडेपाच किलोपर्यंत चालते. ही कमाल मर्यादा आहे, आवश्यकता नव्हे. बारा वर्षांच्या मुलीच्या हाती पाच किलोची रायफल दिली, तर ती तोल सावरण्यासाठी कंबर आणि पाठ नको तितकी मागे झुकवते. वाढत्या वयातल्या मणक्यावर रोज दोन तास असा भार टाकणे धोक्याचे आहे. उभ्याने खेळताना पट्ट्याचा आधारही घेता येत नाही. म्हणून लहान वयात हलकी रायफल घ्यावी आणि ताकद वाढेल तशी वजनाच्या चकत्या लावाव्यात.

दस्त्याची लांबी, गाल टेकण्याच्या भागाची उंची, खांद्याला लागणाऱ्या पट्टीची उंची आणि कोन, तसेच हात टेकण्याच्या भागाची उंची या चार ठिकाणी रायफल कमी-जास्त करता आली पाहिजे. परीक्षा सोपी आहे. नेमबाजाने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल सहज टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मान न ताणता नजर थेट पीप साइटच्या भोकातून गेली, तर रायफल त्याची. मान वाकवावी लागली किंवा चेहरा दाबावा लागला, तर आधी जुळवाजुळव करावी. तीही पुरेशी पडत नसेल तर ती रायफल सोडून द्यावी. मुलांची उंची दर सहा महिन्यांनी बदलते, म्हणून एकाच मापाचा देखणा लाकडी दस्ता घेण्यापेक्षा पेच फिरवून लांबवता येणारा साधा दस्ता व्यवहार्य ठरतो.

खर्च कोठे करावा

पहिल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात रायफलीला सगळा पैसा देऊन टाकणे ही मोठी चूक ठरते. जाडसर कापडाचे जाकीट आणि पॅन्ट पाठीला आधार देतात, सपाट तळाचे बूट पाय स्थिर ठेवतात. या कपड्यांच्या जाडीवर आणि ताठपणावर नियमांची मर्यादा असते आणि स्पर्धेत त्यांची तपासणी होते. मापात नसलेले उसने जाकीट घालून महागडी रायफल धरण्यापेक्षा मापाचे जाकीट घालून क्लबची रायफल धरणे अधिक फायद्याचे आहे.

छर्ऱ्यांचेही तसेच. स्पर्धेसाठी सपाट डोक्याचे छर्रे लागतात. ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात. एकाच कंपनीच्या दोन वेगवेगळ्या घाण्यांतील छर्रेही एकाच नळीत वेगळे वागतात. त्यामुळे रायफल शिकंज्यात धरून तीन-चार प्रकारचे छर्रे तपासावेत, ज्याचा झुबका सर्वांत लहान पडेल त्याच क्रमांकाचे डबे एकदम घ्यावेत. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, ही सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

जुनी रायफल घेणे कमीपणाचे नाही. वरच्या श्रेणीत गेलेले नेमबाज आपल्या चांगल्या राखलेल्या रायफली विकतात, आणि नव्या प्राथमिक रायफलीच्या किमतीत जुनी उत्तम रायफल मिळू शकते. मात्र मूळ पावती, रायफलीचा क्रमांक, सिलिंडरची तारीख, हवेची गळती आणि नळीची अचूकता यांची तपासणी प्रशिक्षकासमोर करावी. सिलिंडर रात्रभर भरून ठेवावा. सकाळी दाबमापकाचा काटा उतरलेला दिसला, तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करावा. आयात करायची असेल, तर त्या वेळचे सीमाशुल्क आणि परवानगीचे नियम राज्य संघटनेकडून लेखी समजून घ्यावेत.

क्रम महत्त्वाचा

नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना १९५१ मध्ये झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणाऱ्या वाटेवरची एक पायरी आहे. राज्य स्पर्धेपासून त्या पायरीपर्यंत पोहोचायला नेमबाजाला साधारणपणे काही वर्षांचा नियमित सराव लागतो. त्या वर्षांचा विचार करूनच रायफल घ्यायला हवी.

पहिले तीन ते सहा महिने क्लबच्या रायफलीवर सराव करावा. मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन, पुण्यात बालेवाडीची रेंज, तसेच कोल्हापूर, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांतील रेंज व क्लब येथे ही सुरुवात होऊ शकते. या काळात प्रभावी डोळा, चष्मा, खांदा आणि वजन यांचा निर्णय होतो आणि मुलाला रोज तोच तो ठिपका पाहण्याचा कंटाळा येतो की ओढ वाटते, हेही कळते. त्यानंतर मापाचे जाकीट व बूट, मग हलकी, जुळवता येणारी प्राथमिक श्रेणीची रायफल आणि क्लिकला प्रामाणिक अशी पीप साइट घ्यावी. आयरिस, फिल्टर आणि वजनाच्या चकत्या त्याच्या पुढच्या वर्षी. सर्वोच्च श्रेणीच्या रायफलीचा विचार उंची वाढायची थांबल्यावर आणि गुण एका पातळीवर स्थिरावल्यावर करावा. त्या वेळी नेमबाज स्वतःच सांगू शकतो की, त्याला कोणत्या पेचाची किंवा कोणत्या ट्रिगरची अडचण होते आहे.

ट्रिगर दाबल्यानंतरही रायफल क्षणभर तशीच धरून ठेवायची आणि छर्रा जाताना वर्तुळ कोठे होते ते आठवून सांगायचे, हा नेमबाजीच्या शिकवणीतला पहिल्या आठवड्याचा धडा. ज्याला ते नेमके सांगता येऊ लागले, त्याचा डोळा तयार झाला असे मानतात. दुकानाची पायरी चढण्याची वेळ त्यानंतरची.